सकाळी टाळू मऊ होती

खोबरेल तेल वाटीत कोमट करायचं. आधी आपल्या मनगटावर लावून बघायचं, मग टाळूवर.

लॅपटॉपवर माणसांचे चौकोन. एका चौकोनात माणूस नाही, नुसतं नाव आणि आवाज बंद असल्याची लाल खूण.

"अगं, आधी कुठला ड्रॉप? लाल झाकणाचा की पांढऱ्या?"

कल्याणला डोहाळजेवण. वाटीखाली पेढा निघणार की बर्फी, यावर बायकांच्या पैजा.

जिन्यात आवडाबाई, हातात कोथिंबिरीची जुडी. "झोपला वाटते एकदाचा तुमचा राजा."

दुपट्याचा कोपरा. ओला, आंबूस.

हे सगळं कालचं. एकाच दिवसाचं. सुमतीला ते ओळीने लावता येत नाहीये, आणि डॉक्टरांना ते ओळीनेच हवंय.

माणसं सांगून टाकू

अपूर्व: अडीच महिन्यांचा. सध्या ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात, काचेपलीकडे, नळ्यांमध्ये.

सुमती: त्याची आजी. घर ठाण्यात, नौपाड्याला, पण बाळ झाल्यापासून मुक्काम डोंबिवलीला, मुलाच्या कोपरमधल्या फ्लॅटवर. तेल-आंघोळ तिच्याकडे. वल्लरीला आई नाही, म्हणून.

वल्लरी: सून. काल बाळंतपणानंतर पहिल्यांदा एकटी बाहेर पडली. कल्याणला, मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला.

अनिमेष: मुलगा. घरून काम करतो. लॅपटॉपवरचं ते नाव त्याचं.

हरिहर: नवरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ड्रॉप्सची भांडणं चालू आहेत.

आवडाबाई: खालच्या मजल्यावरच्या. इमारत उभी आहे ती जागा त्यांच्या सासऱ्यांची होती, त्यामुळे जिना अजूनही त्यांना आपल्या अंगणासारखा वाटतो.

आणि डॉक्टर. नीरजा त्यांचं नाव. सुमतीच्या मुलीच्या वयाच्या असतील, मुलगी असती तर.

पहिल्यांदा

"मेंदूच्या बाहेर, कवटीच्या आत रक्त साचलंय," डॉ. नीरजा म्हणाल्या. "डोळ्यांच्या पडद्यावरही रक्तस्राव दिसतोय. आजी, बाळ पडलं होतं का?"

"नाही."

"पलंगावरून? हातातून? कुणी काही बोललं असेल, मग नाही म्हणालं असेल?"

"नाही हो. पडलं असतं तर रडलं असतं."

"मग कुणाच्या हातून काही झालं का, ते बघावं लागेल. मला कालचा दिवस सांगा. घड्याळ नको. कशानंतर काय, एवढंच."

सुमतीने सांगितलं. सकाळी तेल, आंघोळ, धुरी. मग वल्लरी गेली. मग ती स्वतः नौपाड्याला गेली, यजमानांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी. संध्याकाळी परत आली. बाळ झोपलेलं होतं. रात्री दोनदा उलटी झाली. वाटलं, बाटलीचं दूध बाधलं. आज सकाळी डावा हात आपोआप झटके द्यायला लागला, म्हणून इथे.

"मधे?"

"मधे काय?"

"तुम्ही दोघी बाहेर होतात तेव्हा."

"मधे झोपला होता ना," सुमती म्हणाली. आणि तिला जाणवलं की हे आपण पाहिलेलं नाही.

तिने न सांगितलेलं

संध्याकाळी तिने झोपलेल्या अपूर्वच्या डोक्यावरून हात फिरवला होता. बोटांना सवयीने टाळूचा खळगा शोधायचा होता. खळगा नव्हता. फुगलेल्या पुरीवर बोट ठेवावं तशी गोल, ताठ टाळू.

तिला आनंद झाला होता. अडीच महिने ती वाटीने तेल जिरवत होती. तिच्या सासूने अनिमेषची टाळू अशीच भरली होती, आणि तिच्या आईने तिच्या भावांची. खोल टाळू म्हणजे अशक्त पोर. भरलेली टाळू म्हणजे बाईच्या हाताला यश.

तिने हरिहरना फोन केला होता. "टाळू भरली हो अपूर्वची. हाताला खळगाच लागत नाही."

"तुझ्या तेलाचा गुण," हरिहर म्हणाले होते. "बरं, तो पांढऱ्या झाकणाचा सापडत नाहीये."

वल्लरी आल्यावर तिलाही तिने दाखवलं होतं. वल्लरीने बोट लावलं, मान डोलावली, आणि पेढा निघाला असं सांगितलं. सगळे खूश होते. बाळ झोपलेलं होतं. काय शहाणं झालंय, आईला दमवत नाही, असंही कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं? अनिमेष नव्हे. अनिमेष जेवत नव्हता. की जेवला होता?

असं नव्हे. पुन्हा

बाहेरच्या बाकावर वल्लरी बसली होती. घाईत हाताला लागलेली कालचीच जरीची साडी, वरून अनिमेषचं जॅकेट. सुमती शेजारी बसली तशी ती सरकली. जागा करून द्यायला की लांब व्हायला, हे सुमतीला कळलं नाही.

"आई, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही रोज त्याचं डोकं दाबता ना. गोल व्हावं म्हणून."

"दाबत नाही गं, हात फिरवते."

"मी तुम्हाला सांगितलेलं. दोनदा सांगितलेलं. तुम्ही म्हणालात, तुझ्या नवऱ्याचं डोकं बघ, कसं नारळासारखं केलंय."

"म्हणाले होते."

"मग आता कुणी केलं?" वल्लरीने विचारलं. आवाज चढला नव्हता. तिला खरोखर माहिती हवी होती.

सुमतीने आपले तळहात पाहिले. अजूनही तेलाचा वास होता. काल पाण्याचा तांब्या ओतताना अपूर्व पायावर सरकला होता का? सरकला होता. नाही, तो परवा. तिने नाक ओढलं होतं, कानामागे बोट फिरवलं होतं, टाळू भरून वर तळहाताने थापटलं होतं. थापटलं म्हणजे किती जोरात? रोजच्यासारखंच. रोज किती जोरात?

हरिहरचा फोन आला. "काय म्हणतायत?"

"रक्त साचलंय डोक्यात. कुणाच्या तरी हातून झालंय म्हणतात."

"छे. आपल्याकडे असं कोण करतंय? अनिमेष लहानपणी रडला की मी त्याला छतापर्यंत उडवायचो. झालं काही? हल्ली मशिनं फार झालीत, म्हणून काहीतरी दिसतंच."

"अहो, ठेवते."

"ऐक, आज वल्लरीला काही बोलू नकोस. तिला दोष देऊ नकोस."

"तीच मला देतेय," सुमती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवताना तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. थोडं हलकं वाटत होतं. आपल्या हातून झालं असेल तर हा प्रश्न इथेच संपत होता. पुढे कुणाकडे बघावं लागणार नव्हतं.

ती उठून आत गेली.

"डॉक्टर, मीच दाबलं असणार. आंघोळीच्या वेळी. लिहून घ्या."

डॉ. नीरजांनी पेन खाली ठेवलं. "कसं दाबलंत? माझ्या हातावर दाखवा."

सुमतीने त्यांची मूठ दोन्ही तळहातांत धरली आणि रोजच्यासारखी गोल चोळली.

"आजी, डोकं असं चोळूही नये. पण असं चोळून हे होत नाही. तुम्ही कुणासाठी तरी बोलताय की तुम्हाला खरंच वाटतंय?"

"मला कळत नाहीये," सुमती म्हणाली. हे तिचं दिवसभरातलं सगळ्यात खरं वाक्य होतं.

डॉक्टरांनी समजावलेलं, सुमतीच्या डोक्यात राहिलं तसं

बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड. मान लेची. दंड किंवा छाती धरून कुणी जोरात गदागदा हलवलं की डोकं मागे-पुढे फेकलं जातं. मेंदू आत आपटतो. त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात. बाहेर कधीकधी एक ओरखडाही नसतो.

मांडीवर झुलवून असं होत नाही. रिक्षा खड्ड्यात गेली म्हणून होत नाही. तसं म्हणून छतापर्यंत उडवावं असंही नाही. (हे सुमतीने विचारलं होतं.) पण हे इतक्या जोराचं असतं की समोर कुणी उभं असतं तर त्याने हात धरला असता.

समोर कुणी नसतं.

करणारा राक्षस असतो असं नाही. बाळं या वयात फार रडतात. दूध पाजलं, लंगोट बदलला, खांद्यावर घेतलं, तरी रडतात. त्यात कुणाचा दोष नसतो. ते रडणं काही आठवड्यांनी आपोआप कमी होतं. तोवर माणूस दमतो, चिडतो.

"आणि हलवलं की बाळ गप होतं," डॉ. नीरजा म्हणाल्या. "हेच फसवं आहे. गप होतं ते मेंदूला मार बसल्यामुळे. करणाऱ्याला वाटतं, झोपलं. उपाय लागू पडला. पुढच्या वेळी रडलं की तोच उपाय. पुढच्या वेळी कदाचित मला तुमच्याशी बोलायला काही उरणार नाही."

"पण दुसरं काही असू शकतं ना?"

"असू शकतं. रक्त न गोठण्याचा आजार असू शकतो, तपासण्या पाठवल्यात. जन्माच्या वेळचं थोडं रक्तही राहतं कधीकधी. म्हणून तर विचारतेय. हे कालचं आहे की आधीचं, ते नुसत्या स्कॅनच्या फोटोवरून मला ठाम सांगता येणार नाही. काल सकाळी तो कसा होता, हे सांगणारं कुणी आहे का?"

सुमतीच्या बोटांना ते माहीत होतं. ती म्हणाली, "आठवून सांगते."

अनिमेष

तो जिन्यात उभा होता, हॉस्पिटलच्या, पाण्याच्या मशिनपाशी. कागदी पेला भरत होता, ओतत होता, पुन्हा भरत होता.

"काय विचारतेय ती डॉक्टर?"

"कालचा दिवस."

"मला पण विचारला. मी सांगितलं झोपलेला."

"सबंध दुपार?"

"अगं आई, माझा कॉल चालू होता. क्लायंट बसलेला समोर. मी म्यूटवर. एका हाताने याला घेतलेला."

"म्हणजे जागा होता."

अनिमेषने पेला चुरगळला. "तो एकदम ढिला पडला गं. मान अशी टाकली त्याने. मी घाबरलो. उठवायला म्हणून जरा हलवला. कुणीही हलवेल. तू पण उठवतेस ना त्याला."

"मी तळपाय चोळते."

"तेच ना. मग तो बरा झाला. झोपला."

सुमतीला ही ओळ फार आवडली. आधी बाळ ढिलं पडलं, मग बापाने हलवलं. कुठला तरी आजार, आणि त्यावर घाबरलेला बाप. ती ओळ घेऊन डॉक्टरांकडे जाता आलं असतं. तिने ती मनात एकदा म्हणून पाहिली आणि नेमकी मधेच अडली.

"ढिला पडायच्या आधी काय करत होता?"

"आधी म्हणजे?"

"म्यूट कशाला केलंस?"

अनिमेषने उगाच पुन्हा मशिनचं बटण दाबलं. मग म्हणाला, "मी सलग कॉलवर होतो, आई. रात्री पण झोपलेलो नाही. तुम्ही दोघी गेलेलात. मी म्हणालेलो की जा, मी बघतो, काय त्यात. मला नीट आठवत नाहीये. खरंच सांगतो. हलवलं ते आठवतंय. ढिला पडला ते आठवतंय. ते कुठलं आधी..." त्याने दोन्ही हात वर केले आणि तसेच धरून ठेवले, जणू त्यांच्यात अजून काही आहे. "तू त्या डॉक्टरला आत्ता काही बोलू नकोस. मी सांगतो. आधी मला नीट लावू दे."

"ते लागेल का तुला?"

"आई, ते पोलिसांना बोलावतील."

"बोलावतील."

"तुझा नातू आहे, मान्य. मी कोण आहे?"

तो तिचा मुलगा होता. त्याचीही टाळू तिने पाहिली होती, खोल, ठोका देणारी. त्या टाळूवर सासू तेल ओतायची तेव्हा ती श्वास धरून बसायची. एकदा अनिमेष सबंध संध्याकाळ रडला होता, आणि तिने त्याला पाळण्यात टाकून, दार लोटून, नौपाड्याच्या त्या अरुंद गॅलरीत जाऊन कानात बोटं घातली होती. सासूने ते पाहिलं आणि कसली आई आहेस म्हणाली होती. सुमतीला ते बोलणं वर्षानुवर्षं खरं वाटत आलं होतं.

ती परत वर गेली. मागे अनिमेषने हाक मारली, की पेला पडला.

दुसऱ्यांदा

वल्लरी आत बसलेली होती. बरं झालं, असं सुमतीला वाटलं. नाही, वाईट झालं असं वाटलं. खुर्चीवर बसताना दोन्ही वाटलं.

"काल सकाळी टाळू मऊ होती," ती म्हणाली. "मी तेल घातलं तेव्हा बोट आत जात होतं. ठोका लागत होता. दूध चांगलं प्यायला. हसला."

डॉ. नीरजा लिहीत होत्या. "आणि?"

"संध्याकाळी आले तेव्हा ताठ होती. फुगलेली. मला वाटलं तेलाने भरली. मी यजमानांना फोन करून सांगितलं. हिलाही दाखवली."

वल्लरीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं.

"टाळू तेलाने भरत नाही, आजी," डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "तिथली हाडं हळूहळू जुळतात, वर्ष-दीड वर्ष लागतं. मऊच असायला हवी. शांत असलेल्या बाळाची टाळू ताठ लागली तर आत दाब वाढलाय. त्याच वेळी आणायचं."

"रात्रभर आम्ही घरी ठेवला."

"हो."

कुणीच 'असू दे' म्हणालं नाही.

"सकाळ ते संध्याकाळ," डॉ. नीरजांनी विचारलं. "मधे घरात कोण होतं?"

हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ते सुमतीनेच म्हणावं यासाठी खोली थांबली होती.

"माझा मुलगा," सुमती म्हणाली. "एकटा. तो म्हणतो आधी बाळ ढिलं पडलं, मग त्याने हलवलं. त्याला नक्की आठवत नाही. मलाही ते तसंच असावं असं फार वाटतंय. पण तुम्ही त्याला विचारा."

वल्लरी उठली. दारापर्यंत गेली, परत आली, बसली. "मी त्याला फोन केलेला तिथून," ती म्हणाली. "जेवायच्या आधी. तो म्हणाला, मस्त चाललंय आमचं, तू एन्जॉय कर."

मग

अनिमेषला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्याला काय केलंस असं विचारलं नाही. आधी काय, असं विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, खूप आवाज होता. कसला आवाज, असं विचारल्यावर तो टेबलावरच्या पेनकडे बघत राहिला.

नियमाप्रमाणे पोलिसांना कळवावं लागेल, हे त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. मग डॉ. नीरजांनी तिघांनाही एक गोष्ट सांगितली, इतक्या साधेपणाने की सुमतीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. बाळ रडायचं थांबत नसेल आणि आपला तोल जायला लागला, तर त्याला पाळण्यात उताणं ठेवायचं, दार लोटायचं आणि बाहेर जायचं. गॅलरीत. जिन्यात. शेजारी हाक मारायची. श्वास शांत झाला की परत जायचं. तेवढा वेळ रडण्याने बाळाला काही होत नाही.

"कॉल चालू असेल तर?" अनिमेषने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता.

"कॉल बंद करायचा," वल्लरी म्हणाली.

"हो," अनिमेष म्हणाला. जणू ही शक्यता पहिल्यांदाच त्याच्यासमोर आली होती.

काचेपलीकडे अपूर्वचा डावा हात आता शांत होता. झटके औषधाने थांबले होते. डोक्यातलं पाणी-रक्त काढायचं की वाट बघायची, ते उद्या ठरणार होतं. डोळ्यांना किती दिसेल, ते काही महिन्यांनी.

"तो घरी आला तर," वल्लरी म्हणाली. ती 'आला की' म्हणाली नाही, आणि ते तिघांनी ऐकलं. "तो घरी आला तर अनिमेष त्याच्याजवळ एकटा राहणार नाही. आई, तुमचं काय म्हणणं आहे?"

सुमतीला वाटलं, सून परवानगी मागतेय. मग वाटलं, परीक्षा घेतेय. मग वाटलं, तिलाही कळत नाहीये, म्हणून नुसतं कुणाला तरी विचारतेय.

"नाही राहणार," सुमती म्हणाली. "आणि डोक्याला मीही हात लावणार नाही."

अनिमेष खिडकीशी गेला होता. पाठमोरा म्हणाला, "बरोबर आहे." कुणाचं बरोबर आहे, ते त्याने सांगितलं नाही.

खाली रस्त्यावर एक ॲम्ब्युलन्स वळत होती आणि एका रिक्षावाल्याला मागे घे म्हणून सगळे ओरडत होते. वल्लरीने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. ते अनिमेषला परत दिलं की नुसतं काढून ठेवलं, हे सुमतीला ठरवता येईना.

काल दुपारी, अनिमेषने हलवण्याच्या आधी, अपूर्व मोठ्याने रडत होता आणि त्याचा श्वास व्यवस्थित चालू होता.